चाळीस पानं, दोन प्रती

एप्रिल लागला की जालन्यात नळाचं पाणी लांबतं आणि झेरॉक्सच्या दुकानांपुढची गर्दी वाढते. हॉल तिकीट, ओळखपत्र, फोटो, परत एकदा हॉल तिकीट. कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास आणि यंत्रातून निघालेल्या गरम कागदाचा वास एकमेकांत मिसळतात आणि मी उगाच पर्समध्ये स्वतःचं हॉल तिकीट शोधू लागते. माझ्या परीक्षा तर कधीच संपल्या. आता मी बसस्टँडजवळ एका किराणा दुकानाच्या वरच्या खोलीत फ्रेंचचे वर्ग घेते. नर्सिंग करून परदेशी जाऊ बघणाऱ्या दोघी-तिघी येतात, एक हॉटेलातला मॅनेजर येतो, कॉलेजच्या चार मुली येतात.

यंदा परीक्षेच्या तोंडावर त्यातल्या एकीनं निबंध लिहून आणला. एकही चूक नव्हती. मी शाबास म्हणायच्या आधी पान उलटून पाहिलं. मागं काय असणार होतं? कोरं होतं. तरी हात आधी तिकडं गेला आणि शाबासकी मागून आली. ती पोरगी माझ्याकडं बघत राहिली. हात असा वागायला कधी शिकला, ते मला पक्कं ठाऊक आहे. माझ्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षीच्या उन्हाळ्यात.

मी फ्रेंचला गेले ती रांग बघून. बारावीनंतर माझे वडील, अण्णा, मला घेऊन संभाजीनगरला गेले होते. अर्थशास्त्राच्या खिडकीपुढं लांबलचक रांग होती आणि शेजारी फ्रेंचच्या खिडकीपुढं कुणीच नव्हतं. आतल्या बाई पंख्याखाली निवांत बसलेल्या. मी तिकडं सरकले. अण्णांनी मला बाहीला धरून मागं ओढलं.

"जिथं रांग न्हाई तिथं काहीतरी गडबड असती," ते म्हणाले.

वडीगोद्रीला हायवेच्या कडेला आमचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी येतात. अण्णा त्या उघडतात, जळकी तांब्याची तार उपसून काढतात, नवी भरतात, वार्निश देतात. या धंद्यात माणूस संशयी होतोच. मोटार घेऊन येणारा प्रत्येक जण सांगतो, "काहीच केलं न्हाई बघा, चालू होती, आपोआप बंद पडली." अण्णा मान हलवतात. झाकण उघडलं की तारेवरचा काळा डाग सांगतो, एक फेज गेलेली असताना चालवली का पाणी नसताना कोरडी पळवली. मंग ते मालकाकडं असे बघतात की बिचारा चहा आणायच्या निमित्तानं उठून जातो.

तसेच ते पहिल्याच महिन्यात आमच्या विभागात येऊन उभे राहिले. शर्टच्या खिशात टेस्टर. विभागप्रमुख मॅडमना म्हणाले, "पोरगी म्हणती फ्रेंच शिकून राह्यले. तुम्ही जरा बोलून दाखवा."

मला जमिनीनं गिळावं असं झालं. मॅडमनी मात्र चष्मा काढला आणि मिनिटभर शांतपणे फ्रेंच बोलल्या. अण्णा मोटारीला कान लावावा तसे ऐकत होते.

"काय म्हणल्या?"

"म्हटलं, हजेरी कमी भरली तर तुमच्या मुलीला परीक्षेला बसू देणार नाही."

अण्णांचा चेहरा एकदम सैल झाला. "मंग बराबर आहे," ते म्हणाले. "खरं कॉलेज आहे."

ते खरंच खरं कॉलेज होतं. तिसऱ्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी व्हरांड्यातल्या फलकावर एक कागद लागला. पदवी पूर्ण करण्यासाठी काय काय लागेल, त्याची यादी. लेखी पेपर. ऐकून लिहायची परीक्षा. बाहेरच्या परीक्षकांपुढं तोंडी. ठरलेली हजेरी. आणि चाळीस पानांचा अहवाल, फ्रेंचमध्ये, आपल्या भागातल्या एखाद्या विषयावर. टाइप केलेला, दोन प्रती, बांधणी केलेल्या. शेवटी एक ओळ होती: सोबत प्रतिज्ञापत्र जोडावे की हे लेखन माझे स्वतःचे आहे.

वर्गात सगळ्यांना चाळीस पानांचा धसका बसला. मला मात्र ती शेवटची ओळ खटकली. विश्वास असता तर सही कशाला मागितली असती? घरी सांगितलं तर अण्णांना ती अट सगळ्यात आवडली. "लिहून घेतलेलं बरं असतं," ते म्हणाले.

वसतिगृहात माझ्या खोलीत नंदा होती. जांब समर्थाच्या पलीकडं एका वस्तीवरची. तिचे वडील मेंढरं घेऊन हिंडायचे. आता थोडी शेती होती आणि थोडी मेंढरं. नंदाचं फ्रेंच आमच्या सगळ्यांत चांगलं. तिचे उच्चार ऐकून मॅडम एकदा खडू खाली ठेवून नुसत्या ऐकत राहिल्या होत्या. नाकातले स्वर आम्हा मराठवाड्यातल्या पोरींना जड गेले नाहीत, पण नंदाला ते जन्मापासून येत असावेत असं वाटायचं. तिला वेरूळ-अजिंठ्याला गाईड व्हायचं होतं. ती लेण्यांतली चित्रं मला फ्रेंचमधून समजावून सांगायची, वसतिगृहाच्या गच्चीवर कपडे वाळत घालता घालता, ओल्या ओढण्यांकडं बोट करून. समोरच्या निळ्या चादरीवर राजकुमार आहे, असं ती म्हणाली की मला तो दिसायचा.

हिवाळ्यात मी दुकानात बसून अहवाल लिहिला. रब्बीच्या पाण्याचे दिवस म्हणजे मोटारी जळायचे दिवस. विषय माझाच: मोटार कशी जळाली, ते लोक कसं सांगतात. अण्णांच्या बाकड्यावर वही मांडून मी गिऱ्हाइकांचं बोलणं मराठीत टिपून घ्यायची आणि शेजारच्या पानावर फ्रेंचमध्ये लिहायची. कुणी वीजमंडळावर ढकलायचं, कुणी भावावर. एक म्हातारे तर म्हणाले होते, "मी गेल्तो पाव्हण्याकडं. मोटारीला एकटं सोडलं ना, तिनं मनाला लावून घेतलं." ते वाक्य फ्रेंचमध्ये बसवायला मला दोन दिवस लागले. तांब्याच्या तारेचे सोनेरी तुकडे वहीच्या शिवणीत जाऊन बसायचे, वार्निशच्या वासानं डोकं जड व्हायचं. पण त्या तीन वह्या भरताना मला पहिल्यांदा वाटलं की ही भाषा माझ्या हाताखाली आली.

माझ्याकडं लॅपटॉप नव्हता. नंदाकडं होता. वह्या तिच्यापुढं ठेवल्या तेव्हा ती म्हणाली, "दे इकडं. तुझं गचाळ अक्षर मलाच लागतं." फेब्रुवारीत रोज संध्याकाळी ती टाइप करायची, मी शेजारी बसून दुसऱ्या पेपरचा अभ्यास करायची. खिडकीतून मोसंबीच्या बहराचा वास यायचा. वसतिगृहाच्या भिंतीपलीकडं कुणाची तरी बाग होती. मी टाइप झालेला अहवाल पूर्ण वाचला का? चाळला. बांधणीवाल्याकडं जायची घाई होती. प्रतिज्ञापत्रावर सही केली. दोन्ही प्रती जमा केल्या.

त्याच सुमारास मॅडमनी आम्हाला क्रियापदाचं एक अवघड रूप शिकवलं. फ्रेंचमध्ये तुम्ही म्हणालात, मला खात्री आहे तो आला, तर क्रियापद सरळ राहतं. पण म्हणालात, मला शंका आहे तो आला असेल, तर क्रियापदाचं रूपच बदलतं. नंदा म्हणाली, "आपल्यातबी आहे की. आला, आणि आला असावा." मॅडम हसल्या. "हो, पण इथं बोलणाऱ्याच्या मनात शंका आली की क्रियापदाला ते लपवता येत नाही."

लेखी पेपर एप्रिलमध्ये संपले. तोंडी बाकी होती. कडुनिंबाचा बारीक मोहोर वसतिगृहाच्या पायऱ्यांवर पडलेला असायचा, झाडला तरी तासाभरात परत. अर्ध्या पोरी घरी गेल्या होत्या. एका सकाळी फलकावर माझं नाव दिसलं: यांनी विभागात येऊन भेटावे. कारण नाही, तारीख नाही.

मी जिना चढून वर गेले तर मॅडमच्या खोलीतून नंदा बाहेर पडत होती. डोळे लाल. मला बघून ती थबकली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग मागं दाराकडं पाहिलं आणि भिंतीला लागून निघून गेली. तोपर्यंत तीन वर्षांत आम्ही एकमेकींना ओलांडून न बोलता कधी गेलो नव्हतो.

मॅडमपुढं माझा अहवाल उघडा होता. पानापानावर पेन्सिलीच्या रेघा.

"शीतल, हा तू लिहिलास?"

"हो मॅडम."

"एकटीनं?"

"हो."

त्यांनी सांगितलं की सगळे अहवाल एका सॉफ्टवेअरमधून तपासले जातात, आणि माझा बराचसा भाग यंत्रानं लिहिलेला असावा असा शेरा आला आहे. त्या स्वतः तसं म्हणत नव्हत्या. पण वर्गात पाहिलेलं माझं फ्रेंच आणि ही पानं यांत फरक आहे, हे त्यांनाही दिसत होतं. समितीपुढं खुलासा करावा लागेल. तोवर निकाल राखून ठेवला जाईल. खुलासा पटला नाही तर अहवाल रद्द, आणि अहवाल रद्द म्हणजे पदवी नाही.

मी जिना उतरले तेव्हा माझ्या डोक्यात अहवाल नव्हताच. नंदाचे लाल डोळे होते. माझ्या आधी ती तिथं का गेली होती? माझ्या फ्रेंचचे कच्चे दुवे तिच्याइतके कुणाला ठाऊक होते? पहिल्या नंबराच्या शर्यतीत आम्ही दोघीच होतो. मार्चमध्ये मॅडमनी माझ्या विषयाचं भर वर्गात कौतुक केलं तेव्हा ती टाळ्या वाजवताना एकदम थांबली होती. थांबली होती का? तेव्हा तसं वाटलं नव्हतं, पण आता आठवत होतं. संशय असाच असतो. तो पुढचं काही दाखवत नाही, मागचं सगळं नव्यानं दाखवतो.

खोलीत ती गुडघे पोटाशी घेऊन कॉटवर बसली होती.

"मॅडम काय म्हणल्या?" तिनं विचारलं.

"तुला ठाऊक असंल की," मी म्हणाले.

 मी तिची नजर टाळून बॅग भरली आणि दुपारच्या बीडच्या गाडीत बसले. पाचोडपर्यंत बसायला जागा नव्हती. रस्त्याच्या दोन्ही अंगाला कापसाच्या उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग आणि तापलेली काळी ढेकळं. ड्रायव्हरच्या मागच्या दांडीला धरून मी मनातल्या मनात नंदाला फ्रेंचमध्ये बोलत होते, आणि तोडून बोलायचं म्हणून तिला 'तू' न म्हणता 'तुम्ही' म्हणत होते.

अण्णा दुकानात एका मोटारीची तार उपसत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी पकड खाली ठेवली.

"खरं सांग," ते म्हणाले. "तू लिहिलंस का?"

तीच नजर. झाकण उघडल्यावर मालकाकडं बघायची. मी तीन वर्षांत दुसऱ्या कशानं रडले नव्हते, त्यानं रडले. "इथंच बसून लिहिलं ना तुमच्यापुढं! दिसलं न्हाई का?"

"दिसलं," ते म्हणाले. "लिहून राह्यली होती, ते दिसलं. काय लिहून राह्यली होती, ते मला कुठं वाचता येतं?"

आई भाजी निवडत आत बसली होती, ती उठून बाहेर आली. "मोटारीतबी कुठं काय लिहिलेलं असतं, तरी तुम्हाला कळतं ना? मंग वह्या उघडून बघा की!"

मी माळ्यावरनं तिन्ही वह्या काढल्या. अण्णांनी हात पुसले आणि एकेक पान उलटलं. खाडाखोड, बाण, समासात पुन्हा पुन्हा लिहिलेला एकच शब्द, बोटांचे काळे ठसे. एका पानावर त्यांच्याच वार्निशचा तपकिरी ओघळ होता. त्या जागी ते बराच वेळ थांबले. मग वही मिटून म्हणाले, "उद्या सकाळची गाडी धरू. मीबी येतो."

वह्या पाहून मॅडमनी लगेच समिती बसवली. तिघं होते: मॅडम, दुसरे एक सर आणि तोंडीसाठी आलेले बाहेरचे परीक्षक. परीक्षक पिकल्या केसांचे, फार हळू बोलणारे गृहस्थ. अण्णांना बाहेर बाकावर बसवलं. मला एका टेबलाशी बसवून कोरे कागद दिले. तासभरात लिहायचं: तुमच्या अहवालातला एक प्रसंग, मनानं. मी त्या म्हाताऱ्यांचा प्रसंग लिहिला. पंखा घरघरत होता, हाताच्या घामानं कागद चिकटत होता. चुका झाल्या असणार हे मला लिहितानाच कळत होतं.

परीक्षकांनी माझा कागद, एक वही आणि टाइप केलेला अहवाल शेजारी शेजारी ठेवले. बराच वेळ तिन्हींवरून बोट फिरवलं. मग ते फ्रेंचमध्ये बोलू लागले. मोटार जळते म्हणजे आत नेमकं काय होतं? मी सांगत गेले. फेज जाते, उरलेल्या तारांवर भार येतो, त्या तापतात, वरचं आवरण वितळतं. अण्णांच्या तोंडून हजारदा ऐकलेलं होतं. मध्येच त्यांनी हात वर केला.

"मोटार फ्रेंचमध्ये पुल्लिंगी आहे," ते मराठीत म्हणाले. "तुम्ही सारखं स्त्रीलिंगी म्हणताय."

"आमच्या दुकानात ती असती, सर," माझ्या तोंडून गेलं.

ते पहिल्यांदा हसले. वही फिरवून त्यांनी मॅडमना दाखवली. वहीत पानापानावर मोटार 'ती' होती. आताच्या कागदावरही 'ती'. टाइप केलेल्या चाळीस पानांत मात्र सगळीकडं बिनचूक 'तो'.

"लिहिलंय हिनंच," ते म्हणाले. "पण नंतर कशानं तरी सफाई झाली आहे. हे टाइप कुणी केलं?"

"नंदानं," मी म्हणाले.

एवढंच पुरं होतं. ते खरं होतं आणि उत्तर संपलं होतं. पण मी पुढं बोलले. कुणी विचारलं नसताना, मॅडमकडं बघत मी म्हणाले, "तिनं त्यात काय काय केलं, मला ठाऊक न्हाई. तिच्या स्वतःच्या अहवालातबी तसंच असंल."

मॅडमनी मान खाली घालून काहीतरी लिहून घेतलं.

त्यांनी वह्यांच्या झेरॉक्स ठेवून घेतल्या, अहवाल वह्यांप्रमाणे नव्यानं टाइप करून द्यायला सांगितलं, आणि माझी तोंडी तिथंच झाली असं धरलं. बाहेर आल्यावर अण्णांनी मला कॅन्टीनसमोर दोन ग्लास उसाचा रस पाजला. मग म्हणाले, "मी विचारलं त्याचा राग धरू नको. माझं तोंडच तसं झालं आहे." मी म्हणाले, न्हाई धरला. मला तेव्हा नंदाचाच राग धरून ठेवायचा होता, दुसऱ्या कशाला जागा नव्हती.

संध्याकाळी खोलीवर गेले तर नंदाची कॉट रिकामी. गादी गुंडाळलेली. शेजारच्या खोलीतली पोरगी म्हणाली, दुपारी तिलाही विभागात बोलावलं होतं, आल्यावर पेटी भरून गेली. तिचा अहवाल तपासासाठी ठेवून घेतला होता. दोन दिवसांनी तिची तोंडी होती. त्या दिवशी तिचं नाव तीनदा पुकारलं. मी व्हरांड्यातच होते. तिसऱ्यांदा पुकारल्यावर मला बरं वाटलं, हे मी इथं लिहून ठेवते. मला वाटलं, बघा, आली नाही, म्हणजे चोर तीच.

जूनमध्ये मला पदवी मिळाली.

दीड वर्ष गेलं. मी जालन्यात खोली घेतली, वर्ग सुरू केले. गेल्या हिवाळ्यात माझ्या एका विद्यार्थिनीच्या प्रवेशाची चौकशी करायला विभागात गेले, तेव्हा मॅडम निवृत्तीच्या तयारीत कपाट आवरत होत्या. बोलता बोलता मी सहज विचारावं तसं विचारलं, "मॅडम, तेव्हा माझी तक्रार नंदानंच केली होती ना?"

मॅडमच्या हातात फायलींचा गठ्ठा होता. तो त्यांनी खाली ठेवला.

"तक्रार? कुणाचीच तक्रार नव्हती, शीतल. सॉफ्टवेअरचा शेरा होता. फाइल नंदाच्या लॅपटॉपवर झालेली म्हणून मी आधी तिला बोलावलं. ती पहिल्याच वाक्यात म्हणाली, मीच चुका सुधारणाऱ्या यंत्रातनं फिरवलं, शीतलला माहीत नाही, तिला काही करू नका. रडत होती. मी तिला सांगितलं, बाहेर कुणाशी एक शब्द बोलायचा नाही. नियम होता, दोघींना वेगवेगळं विचारायचं."

"आणि तिचा अहवाल?"

"तिचा स्वच्छ होता. तू म्हणालीस म्हणून समितीनं पुन्हा तपासायला घेतला. ती तोंडीला आली असती तर त्याच दिवशी सुटली असती."

परतीच्या गाडीत मला खिडकीची जागा मिळाली, बाहेर काय दिसलं ते आठवत नाही. पुढचे तीन-चार दिवस मी रोज फोन हातात घ्यायची आणि खाली ठेवायची. शेवटी एका रविवारी जांबची गाडी पकडली. देवळाला आलेल्या माणसांबरोबर उतरले आणि विचारत विचारत नंदापर्यंत गेले. फाट्यावर तिनं ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान टाकलं होतं. पत्र्याची टपरी, एक लॅपटॉप, एक प्रिंटर. समोर एक बाई शाळेचा कागद घेऊन बसल्या होत्या. नंदानं मला पाहिलं आणि बोटं न थांबवता म्हणाली, "बस."

बाई गेल्यावर मी बसल्याजागी सगळं सांगितलं. समितीपुढं काय बोलले तेही, शब्दान् शब्द. तिनं प्रिंटरमधला कागद काढून सरळ केला.

"टाइप मीच केल्तं," ती म्हणाली. "तू खोटं न्हाई बोलली."

"पुढचं बोलले ना. ते कशाला बोलले?"

"ते मलाबी कळलं होतं. मॅडमनं मला विचारलं, तुझ्याबी अहवालात असंच आहे का. मी म्हणलं, हे कुणाच्या डोक्यातनं आलं? मंग समजलं." तिनं बोटानं कीबोर्डवरची धूळ पुसली. "मला तोंडीला यायचं होतं, शीतल. दादा गाडीवर सोडायलाबी तयार होता. पण मला वाटलं, आता तिथं जाऊन अजून काय काय ऐकावं लागंल, कोण काय सांगून बसलं असंल. कुणाचाच भरोसा वाटंना. ज्यांनी काही केलं न्हाई त्यांचाबी."

"तू ते यंत्रातनं फिरवलंस ते मला सांगितलं का न्हाईस?"

"तू नको म्हणली असती. तुझ्या एवढ्या चुका होत्या. मला वाटलं, मार्क जातील." आणि मग खाली बघत म्हणाली, "चूक माझीबी होती. पण ती मी तुझ्यासाठी केल्ती."

मी विभागातून आणलेला नियमांचा कागद पुढं केला. नियमात होतं: ज्याची फक्त तोंडी राहिली आहे त्याला ठरलेल्या मुदतीत ती देता येते. मुदत यंदा संपत होती. नंदानं कागद घेतला नाही.

"आता तुला काय पायजे?" तिनं विचारलं.

तिच्या तोंडून तो प्रश्न ऐकताना मला अण्णांची नजर आठवली नाही, स्वतःची आठवली. मी म्हणाले, काही न्हाई. आणि तेही तिला खरं वाटलं नाही, हे मला दिसलं. तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं. मी कागद कीबोर्डखाली सरकवून निघाले. पाणी प्यायलाही तिनं थांब म्हटलं नाही.

मार्चमध्ये मॅडमचा फोन आला. नंदानं फॉर्म भरला होता. त्या म्हणाल्या, तिला सरावाला मदत लागेल तर कर. मी नंदाला तसा निरोप पाठवला. उत्तर आलं: न्हाई, मी करते. मी पुढं विचारलं नाही. तोंडीच्या दिवशी मी जालन्यातच माझ्या वर्गात होते. कॉलेजच्या मुलींना क्रियापदाचं ते संशयाचं रूप शिकवायचा तोच पाठ आला होता. मी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली आणि दुसऱ्या वाक्याशी खडू मोडला. सकाळभर माझं लक्ष घड्याळाकडं होतं. दुपारी वडीगोद्रीहून अण्णांचा फोन आला. "त्या पोरीचं काय झालं?" त्यांनी विचारलं. त्यांना मी फक्त एकदाच, पाडव्याला, सगळं सांगितलं होतं. त्यांनी तारीख लक्षात ठेवली होती. मी म्हणाले, अजून काही कळलं न्हाई.

निबंध आणलेल्या त्या मुलीला मी नंतर जवळ बसवलं आणि नुसतं विचारलं, हे कसं लिहिलंस? तिनं सांगितलं, चार दिवस लिहिलं, पाचदा फाडलं. मी म्हटलं, मग छान लिहिलंस. ते खरं होतं की नव्हतं, मी पुन्हा पान उलटलं नाही. जे असेल ते तिच्या पुढच्या निबंधात दिसेल.

परवा निकाल लागला. सकाळी मी चहा ठेवला होता तेव्हा फोन वाजला. नंदानं गुणपत्रिकेचा फोटो पाठवला होता. मी तो बोटांनी मोठा करून पाहिला. तिचं नाव, वडिलांचं नाव, विषय फ्रेंच, शेरा उत्तीर्ण. तोंडी परीक्षेत पैकीच्या पैकी. खाली एक शब्दही नव्हता. नमस्कार नाही, तारीख नाही, साधा हसरा चेहरासुद्धा नाही.

मी त्या रिकाम्या जागेकडं बघत उभी राहिले. हे मला दाखवायला होतं का? तुझ्यावाचून झालं, असं सांगायला? का सगळ्यांनाच पाठवला, त्यात मीही आले? का राग अजून तसाच आहे आणि हा त्याचा शेवटचा कागद? चहा उतू गेला, गॅस विझला. एका फोटोचे मी चार अर्थ काढून बसले होते आणि त्यातला एकही तिनं पाठवलेला नव्हता.

मी गॅस बंद केला, शेगडी पुसली नाही, हातही पुसले नाहीत. तिला फोन लावला.

दुसऱ्याच रिंगला तिनं उचलला. पलीकडं मेंढरांचा आवाज होता आणि कुणीतरी त्यांना हाकारत होतं.

"बोल," नंदा म्हणाली.